त्याईचं ऐकू द्या

मागच्या मे महिन्यात आमच्या अंगणातल्या पांढऱ्या भिंतीवर आम्ही एक इटालियन सिनेमा पाहिला. जळगाव जामोदचा मे म्हणजे दिवसभर तापलेली भिंत रात्री नऊ वाजले तरी हाताला चटका देते. सतरंज्या अंथरल्या, माठ भरून ठेवला, भाच्याने भाड्याचा प्रोजेक्टर लॅपटॉपला जोडला. वीस-बावीस माणसं जमली. शेजारपाजारचे शेतकरी, माझ्या हाताखालून गेलेली चार-दोन पोरं, समोरच्या घरातल्या सासू-सुना, आणि सातपुड्यातल्या एका पाड्यावरून शिकायला आलेला, गावात खोली करून राहणारा एक मुलगा. सिनेमा होता लुकिनो व्हिस्कोन्तीचा ‘ला तेर्रा त्रेमा’, म्हणजे जमीन हादरते. १९४८ चा, काळापांढरा, अडीच तासांहून मोठा.

खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी बहुतेकांच्या उपयोगाच्या नव्हत्या. म्हणून मी भिंतीजवळ खुर्ची टाकली आणि सांगत गेलो. हा सिसिली बेटावरचा मासेमार, हे त्याचं घर, हे घाऊक व्यापारी, आता हे भावावरून भांडताहेत. चांगली तयारी केली होती. सिनेमा आधी तीनदा पाहिला होता, वहीत टिपणं काढली होती. मी सांगत होतो आणि लोक ऐकत होते.

मग वादळाचा प्रसंग आला. होडी समुद्रात अडकलेली, आणि घरच्या बायका काळ्या शाली लपेटून किनाऱ्यावरच्या खडकांवर उभ्या. वाऱ्याने शाली फडफडताहेत, बायका हलत नाहीत, नुसत्या समुद्राकडे बघताहेत. मी त्यांच्याबद्दल काहीतरी समजावत होतो. समोरच्या घरातली सासूबाई म्हणाली, ‘सर, तुमी घडीभर चूप राहा नं. त्याईचं ऐकू द्या.’

मी गप्प झालो. त्यानंतरचा सिनेमा आम्ही सगळ्यांनी सिसिलीच्या बोलीतच ऐकला. एक शब्द कुणाला कळला नाही आणि जागचं कुणी उठलं नाही.

ती बाई जे म्हणाली, तेच या सिनेमाच्या मुळाशी आहे. हे लक्षात यायला मला पुढचे काही दिवस लागले.

व्हिस्कोन्ती मिलानच्या उमराव घराण्यातला. १९०६ चा जन्म, वाड्यात वाढलेला, आणि विचाराने कम्युनिस्ट. मासेमारांवर माहितीपट करण्यासाठी कम्युनिस्ट पक्षाकडून थोडे पैसे घेऊन तो सिसिलीतल्या आची त्रेत्सा या गावी गेला. मूळ बेत तीन भागांचा होता: मासेमार, खाणकामगार, शेतकरी. समुद्राचा भागच तेवढा झाला. कथा त्याने जोव्हान्नी व्हेर्गा यांच्या १८८१ च्या ‘इ मालावोल्या’ या कादंबरीवरून घेतली, पण माणसं मात्र सगळी गावातलीच घेतली. एकही पेशेवर नट नाही. मासेमाराची भूमिका मासेमाराने केली, गवंड्याची गवंड्याने. प्रसंग काय आहे ते व्हिस्कोन्ती त्यांना सांगायचा आणि विचारायचा, अशा वेळी तुम्ही काय बोलाल? ते जे बोलत, ते संवाद ठरायचे. आवाजही तिथेच मुद्रित केला. इटालियन सिनेमात तेव्हा संवाद नंतर स्टुडिओत, बऱ्याचदा दुसऱ्याच कुणाच्या आवाजात भरण्याची पद्धत होती, हे ध्यानात घेतलं की या गोष्टीचं मोल कळतं. नटाचा चेहरा एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा, हे तिथे कुणाला खटकतही नव्हतं.

सुरुवातीलाच पडद्यावर निवेदन येतं. त्याचा आशय असा की हे नट म्हणजे गावातले मासेमार, मुली, मजूर, गवंडी आणि मासळीचे व्यापारी आहेत. आपलं दुःख, बंड आणि आशा सांगायला त्यांच्याकडे सिसिलीच्या बोलीखेरीज दुसरी भाषा नाही, कारण सिसिलीत इटालियन ही गरिबांची भाषा नव्हे. इटली एक देश झाला १८६१ मध्ये. सत्त्याऐंशी वर्षांनंतर एक सिनेमा त्या देशाच्या राजभाषेला सांगत होता, की या माणसांच्या घरात तू पाहुणी आहेस.

कथेचा अर्थ आमच्या अंगणाला समजावून सांगावा लागलाच नाही. वालास्त्रो कुटुंबातला थोरला मुलगा न्तोनी. रात्रभर समुद्रात राहून आणलेली मासळी घाऊक व्यापारी पडेल भावाने उचलतात. काटा त्यांचा, भाव त्यांचा. एके दिवशी संतापून न्तोनी आणि त्याचे जोडीदार तो काटाच समुद्रात फेकतात. या दृश्याला आमच्या सतरंजीवरून एकदम आवाज उठला. ‘हा त आपलाच काटा व्हय,’ कुणीतरी म्हणालं, आणि मग कट्टीच्या, म्हणजे कपातीच्या, गोष्टी निघाल्या. कापूस ओला आहे म्हणून कट्टी, कचरा आहे म्हणून कट्टी, गाडी उशिरा आली म्हणून कट्टी. पाच मिनिटं सिनेमा एकीकडे चालला होता आणि चर्चा दुसरीकडे. मी थांबवली नाही. पुढे न्तोनी घर गहाण टाकतो, स्वतःची होडी चालवतो, एकदा भरघोस मासळी मिळते, सारं घर मिळून ती पिंपांत मिठात भरतं. मग वादळ, फुटलेली होडी, खारवलेली मासळी त्याच व्यापाऱ्याला मातीमोल भावाने. भाऊ परागंदा, बहिणीचं नाव खराब, आजा दवाखान्यात, घर बँकेकडे. शेवटी न्तोनी धाकट्या भावांना घेऊन त्याच व्यापाऱ्यांच्या दारात कामाला उभा राहतो आणि ते त्याला हसतात. त्यांच्या मागच्या भिंतीवर मुसोलिनीच्या काळातली घोषणा अजून पुसट दिसते.

पण मला बोलायचंय ते आवाजाबद्दल. व्हिस्कोन्तीने एवढं सगळं केलं, आणि मग त्या बोलीवर एक इटालियन निवेदक बसवला. बोली इटलीच्या इतर भागांत कळणार नव्हती, म्हणून वरून एक सुशिक्षित, समजूतदार आवाज सांगत राहतो की आता काय झालं आणि त्याचा अर्थ काय. व्हेनिसच्या महोत्सवात सिनेमाला पारितोषिक मिळालं, पण थिएटरात तो चालला नाही. नंतर त्याला कापून आखूड केलं आणि इटालियन आवाजात पुन्हा भरलं. म्हणजे आधी बोलीवर एक आवाज चढला, मग बोलीच काढून टाकली. आमच्या अंगणात खुर्ची टाकून मीही तेच करत होतो. माझा हेतू व्हिस्कोन्तीइतकाच चांगला होता, म्हणून तर ते अधिक लागलं.

आज सिनेमातल्या प्रतिनिधित्वाची चर्चा बहुधा मोजदादीने होते. पडद्यावर स्त्रिया किती, कोणत्या जातीचे, कोणत्या रंगाचे लोक किती, त्यांना काय काम दिलं. ही मोजदाद हवीच. ज्यांना शतकभर गर्दीतच उभं केलं, त्यांनी आपली डोकी मोजून दाखवली तर त्यात चूक काय? पण चेहरा दिसला की माणूस आला, असं होत नाही. फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वार याने ‘द रिव्हर’ बंगालमध्ये, हुगळीच्या काठी चित्रित केला. तो १९५१ मध्ये आला. फार देखणा सिनेमा. भारत त्यात प्रत्येक चौकटीत आहे, नदी आहे, घाट आहेत, दिवाळी आहे. गोष्ट मात्र एका इंग्रज मुलीची, तिच्या भाषेत. त्या सिनेमासाठी रेन्वारसोबत ठिकाणं पाहत हिंडलेल्या सत्यजित राय यांनी तो आल्यावर चारच वर्षांत ‘पथेर पांचाली’ आणला. बंगालचं तेच जग आता स्वतःच्या तोंडाने बोलू लागलं.

पडद्यावर कोण कुणाच्या भाषेत बोलतं, हा प्रश्न मराठीत आपण फार उशिरा विचारला. तसं पाहिलं तर व्हेनिसला मराठी खेडं ‘ला तेर्रा त्रेमा’च्या अकरा वर्षं आधी पोचलं होतं, १९३७ मध्ये, प्रभातच्या ‘संत तुकाराम’मधून. त्यातली जिजाई आठवा. फटकळ, कामात बुडालेली, म्हैस आणि पोरं सांभाळणारी. तुकाराम आकाशाकडे बघतात आणि जिजाईचे पाय जमिनीवर आहेत. तिची भाषा कुणी घासूनपुसून घेतलेली नाही. माझ्या मते त्या सिनेमाचा अर्धा जीव तिच्या बोलण्यात आहे.

वऱ्हाडीचं नशीब मात्र वेगळं. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० ची. कौतिक तिच्या वऱ्हाडीत बोलते आणि काळीज चिरते, पण तिची गोष्ट सांगणारा निवेदक प्रमाण मराठीत बोलतो. व्हेर्गा आणि व्हिस्कोन्ती यांच्याइतकीच ही तडजोड शेळक्यांनाही करावी लागली, आणि त्यांनी ती मोठ्या ताकदीने पेलली. सिनेमा-नाटकात मात्र ‘काहून बे’ म्हणणारा माणूस आला की प्रेक्षक हसायला तयार होऊन बसतो. आमचं रडणं प्रमाण मराठीत आणि हसणं वऱ्हाडीत, अशी वाटणी होऊन गेली. सतीश मनवर यांच्या २००९ च्या ‘गाभ्रीचा पाऊस’ने ती मोडायला सुरुवात केली. विदर्भातला शेतकरी, त्याच्या आत्महत्येच्या भीतीने डोळ्यांत तेल घालून बसलेली बायको, आणि सगळं वऱ्हाडीत. बोलणारे नट मात्र बहुतांशी बाहेरचे, बोली शिकून आलेले.

जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ एक पाऊल पुढे गेला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आपल्याच डोंगरगावात त्यांनी तो केला, गावातली, आजूबाजूची, कधी कॅमेऱ्यासमोर न आलेली माणसं घेऊन. २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात त्याला नेटपॅक पारितोषिक मिळालं, आणि आपल्याकडे तो ७ मार्च २०२५ ला लागला. कापूस पिकवणाऱ्या बापाची शिकणारी मुलगी सविता. तिला पाहायला पाहुणे येतात. पुरुष रांगेने बसलेले, ती समोर बसलेली, आणि तेच प्रश्न: नाव, शिक्षण, उंची. पुढच्या वेळी दुसरे पाहुणे, पुन्हा तेच प्रश्न. इथे कुणी निवेदक नाही. तिची घुसमट आपल्याला कुणी समजावून सांगत नाही. ती तिच्या उत्तरांच्या बारीक होत जाणाऱ्या आवाजात ऐकावी लागते. आमच्या आळीत तो मोबाइलवर हातोहात फिरला. एका सुनेने मला सांगितलं, की तिने तो तीन रात्रींत तुकड्यातुकड्याने पाहिला आणि नवऱ्याला दाखवला नाही.

‘फँड्री’चा मान मी सगळ्यांत वर ठेवतो, आणि तो एका शब्दासाठी. नागराज मंजुळे यांनी सिनेमाचं नावच कैकाडी भाषेतलं ठेवलं. साऱ्या महाराष्ट्राला पोस्टर वाचून एकमेकांना विचारावं लागलं, फँड्री म्हणजे काय? उत्तर मिळालं, डुक्कर. मराठी माणसाला मराठी सिनेमाच्या दारातच अडवून ‘ही भाषा तुला येत नाही’ असं सांगणारा हा सिनेमा. सोमनाथ अवघडे हा हलगी वाजवणारा पोरगा त्यात जब्या झाला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शेवटी जब्याने भिरकावलेल्या दगडाबद्दल फार लिहिलं गेलं, शीर्षकाबद्दल कमी.

याच्या शेजारी ‘जैत रे जैत’ ठेवून पाहतो तेव्हा मला अवघड होतं. १९७७ चा तो सिनेमा मी लहानपणी पाहिला, त्यातली गाणी आजही घरात वाजतात, स्मिता पाटील आणि मोहन आगाशे यांच्या कामाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. जब्बार पटेल यांनी ठाकर आदिवासींच्या डोंगराला मराठी पडद्यावर जागा दिली. पण ठाकर समाजाचा माणूस त्यात मध्यभागी बोलताना दिसत नाही. तो नाचतो, फेर धरतो, मागे उभा राहतो. तेव्हा हे आम्हाला दिसलंच नाही. आपण शहरातून डोंगराकडे बघत होतो, एवढंच.

आमच्या तालुक्याकडे कॅमेरे वर्षातून एकदा येतात. अक्षय्य तृतीयेला भेंडवळच्या घटमांडणीला. संध्याकाळी शेतात घट मांडतात, त्याभोवती धान्यं ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस, पिकं, राजा यांचं भाकीत सांगितलं जातं. वाहिन्यांच्या गाड्या रात्रीच येऊन थांबतात. सकाळी दहापर्यंत सगळं महाराष्ट्रभर जातं आणि गाड्या निघून जातात. मला त्या परंपरेची टिंगल करायची नाही. मी स्वतः तिथे अनेकदा उभा राहिलोय आणि बियाणं कोणतं घ्यावं हा घोर घेऊन आलेल्या शेतकऱ्याचा चेहरा मला ठाऊक आहे. पण उरलेले तीनशे चौसष्ट दिवस हा तालुका पडद्यावर नाही. खारपाण पट्ट्यातलं पाणी पिऊन किडनीच्या दुखण्याने खंगलेली घरं नाहीत, संत्र्याच्या बागा नाहीत, आणि उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी जे बोललं जातं ते तर मुळीच नाही.

हे शेवटचं सांगण्यासाठीच मी एवढा लांब आलो.

आमच्या तालुक्यात, जामोद, सोनबर्डी, चालठाणा अशा गावांत निहाली नावाची भाषा बोलली जाते. ती मराठीसारखी संस्कृताच्या कुळातली नाही, द्रविड कुळातली नाही, शेजारच्या कोरकूसारखी मुंडा कुळातलीही नाही. तिचं जगातल्या कोणत्याही भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही. बोलणारे दोन-अडीच हजार. पाण्याला जोप्पो, विस्तवाला आपो, डोळ्याला जिकित. दोनला इरार आणि चारला नालो, ही द्रविड शेजाराची खूण. शब्दांचा मोठा भाग कोरकूकडून आलेला, थोडे मराठी-हिंदीकडून, आणि तळाशी असे काही शब्द की ज्यांचं मूळ कुणालाच सापडत नाही. माझ्या घरापासून काही कोसांवर ही भाषा आहे आणि मी निवृत्त होईपर्यंत मला तिचं नाव माहीत नव्हतं. १९०६ मध्ये भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात स्टेन कोनो या नॉर्वेच्या विद्वानाला ते माहीत होतं. १९६२ मध्ये अॅमस्टरडॅमला एफ. बी. जे. कॉइपर यांनी तिच्यावर अख्खं पुस्तक काढलं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून शैलेंद्र मोहन इथल्या गावांत येऊन नोंदी करून गेले, म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेने २०१४ मध्ये के. एस. नागराज यांचं व्याकरण छापलं. आम्ही तालुक्याच्या गावात बसून वऱ्हाडीवर पुण्याने केलेल्या अन्यायाच्या गप्पा मारत होतो.

जनगणना दहा हजारांहून कमी लोक बोलतात त्या भाषांची नावं वेगळी देत नाही. कोरकू सात लाखांवर, तिला ओळ मिळते. निहालीला मिळत नाही. ती ‘इतर’मध्ये जाते. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मी पेढे वाटले. त्या आनंदात खोट नव्हती. पण अभिजात झालेली भाषा आपल्या अंगणात कुणाशी कशी वागते, हा प्रश्न माझ्यापुरता तरी त्या दिवसापासून सुरू झाला. आमच्या आठवडी बाजारात डोंगरातून उतरलेली बाई डिंक नाहीतर चारोळी घेऊन बसते. शेजारणीशी एका भाषेत बोलते, आणि गिऱ्हाईक समोर आलं की क्षणात आमच्या वऱ्हाडीवर येते. ती आमच्यासाठी भाषा बदलते. आमच्यातला एकही तिच्यासाठी बदलत नाही. मी तीस वर्षं वर्गात उभा राहिलो आणि डोंगरातून आलेल्या पोरांना सांगत राहिलो, घरचं बोलणं घरी, इथं शुद्ध बोला. मी हे प्रेमाने सांगायचो. ती पोरं वर्गात गप्प बसायची आणि मला वाटायचं, स्वभावाने बुजरी आहेत.

सिनेमा संपल्यावर पाड्यावरचा तो मुलगा मागे थांबला. सतरंज्या गुंडाळू लागला. मग विचारलं, ‘सर, ते जे बोलत होते, ते त्याईचं घरचं बोलनं होय का?’ मी हो म्हणालो. ‘आन् मंग कोनी हसलं नाई?’

मी त्याला निहालीबद्दल विचारलं. आधी तो गडबडला, मग म्हणाला, आजी बोलते, आई थोडं, मला समजतं. त्या रात्री मी उत्साहात आलो. म्हटलं, आजीचं बोलणं मोबाइलवर घे, पुढच्या वेळी या भिंतीवर लावू. तुमचा सिनेमा. तो काही बोलला नाही.

पावसाळा लागल्यावर आला. मोबाइल काढला, हातात धरला, उघडला नाही. म्हणाला, ‘आजीनं बोलू दिलं, लय वेळ बोलली. पन म्हनली, हे बाहेर कोनाले दाखवू नको.’ कारण त्याने सांगितलं नाही. पुस्तकांमुळे थोडं मला ठाऊक होतं: जुन्या सरकारी कागदांत निहालांना चोर-लुटारू म्हटलंय, आणि ही चोरांची गुप्त भाषा असावी का, अशी शंका खुद्द कॉइपर यांनी घेतली होती. ज्या भाषेत बोलल्याबद्दल पिढ्यान्‌पिढ्या संशय आला, ती भाषा भिंतीवर मोठ्याने लावायची की नाही, हे ठरवणारा मी कोण? व्हिस्कोन्तीने आची त्रेत्साच्या लोकांना विचारलं होतं, तुम्ही काय बोलाल. ते बोलले, म्हणून सिनेमा झाला. आजीने उत्तर दिलं होतं, आणि ते ‘नाही’ होतं.

मुलाने मोबाइल खिशात ठेवला. मी चहा टाकायला सांगितलं. पाऊस होता, म्हणून तो बराच वेळ बसला, आणि एकदा आपणहून म्हणाला, की आजी त्या आवाजात त्याच्या लहानपणीच्या पुराबद्दल बोलते. एवढंच सांगितलं. मी पुढे विचारलं नाही.